खोलीला मागची खिडकी आहे का?

गेल्या पावसाळ्यात एकाच पत्त्यावरची तीन मुले दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने माझ्या दवाखान्यात आली. तिघेही कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. पहिल्याला खोकला होता, दुसऱ्याला खरूज आणि तिसऱ्याला डेंग्यूचा ताप. तिसऱ्याच्या वेळी केसपेपरवरचा पत्ता माझ्या लक्षात आला.

"तुम्ही सगळे एकत्र राहता का रे?"

"हो डॉक्टर. एकाच खोलीत. सहा जण."

"केवढी खोली?"

"दहा बाय दहा. पण सहा जण एकदम नसतोच. तिघे रात्रपाळीला असतात. ते सकाळी आले की आम्ही निघतो."

"खिडकी आहे?"

"दाराशेजारी आहे, पण ती बंद असते. मोबाईल चोरीला जातात. मागं भिंतच आहे. तिला चिकटून शेजाऱ्याची भिंत."

मी पहिल्या मुलाला बोलावून घेतले. त्याला मी पाच दिवसांच्या गोळ्या आणि खोकल्याचे औषध देऊन पाठवले होते. तो किती दिवस खोकतो आहे हे विचारले होते, पण त्याच्या शेजारी कोण झोपते, खोली कशी आहे हे विचारले नव्हते. त्याने 'आठवडाभर' असे सांगितले होते. आता खोदून विचारल्यावर समजले की खोकला दीड महिन्यापासून होता. रजा मिळत नाही म्हणून आठवडा सांगितला. बेडका तपासायला पाठवला, तर क्षयाचे जंतू निघाले. तीस वर्षे व्यवसाय करूनही असे होते, म्हणून आज औषधाविषयी न लिहिता खोलीविषयी लिहितो आहे.

या खोल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. कारखाना आला की आसपासच्या गावातल्या जमिनी जातात. गावठाण मात्र राहते. ज्याची शेती गेली किंवा परवडेनाशी झाली, तो घरामागच्या गोठ्याच्या जागेवर चार खोल्या काढतो. त्या भाड्याने गेल्या की वर आणखी चार काढतो. कुपवाडचा गावभाग असाच वाढला. साताऱ्यात कोडोली-देगावच्या बाजूलाही हेच चित्र आहे. पुढे नगरपालिका किंवा महापालिकेची हद्द वाढते आणि गाव कागदोपत्री शहर होते. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ साली झाली. सातारा पालिकेची हद्द २०२० साली वाढून शाहूपुरी, विलासपूर ही उपनगरे आत आली. हद्द एका कागदाने वाढते. गटार, सांडपाणी आणि पुरेसे पाणी यायला मात्र वर्षे लागतात, आणि मधल्या काळात त्या खोल्यांतून माणसे राहतच असतात.

सांगली-मिरजेत याला गुंठेवारीची जोड आहे. शेतजमिनीचे गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले गेले. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, एक हजार ८९ चौरस फूट. एवढ्या जागेत घर, पुढे दुकानाचा गाळा, मागे भाड्याच्या तीन खोल्या, एक संडास आणि सेप्टिक टँक बसवायचा, तर हवेला जागा उरतेच कुठे? २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला आणि २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू करण्यात आली. घराला कागद मिळाला, पण कागदाने भिंतीत खिडकी पडत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. चीनमध्ये शेनझेन हे शहर १९८० साली विशेष आर्थिक क्षेत्र झाले. त्याआधी तिथे मासेमारी आणि भातशेती करणारी गावे होती. कारखान्यांसाठी शेती घेतली गेली, घरांच्या जागा गावकऱ्यांकडे राहिल्या. त्यांनी त्या जागांवर सहा-सहा, आठ-आठ मजले चढवले आणि लांबून आलेल्या कामगारांना खोल्या दिल्या. दोन इमारतींमध्ये इतके कमी अंतर की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात बाहेर काढून हस्तांदोलन करता यावे. तिथले लोक त्यांना 'हस्तांदोलन इमारती' म्हणतात. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. पण शेनझेनमध्ये आलेल्या नव्या माणसाला परवडणारे छप्पर मिळाले ते याच गावांत. बाइशीझोऊ नावाच्या अशाच एका गावात दीड लाखाच्या आसपास लोक राहत. २०१९ साली ते पाडायला काढले तेव्हा जागेच्या मालकांना मोबदला होता. भाडेकरूंनी मात्र कामापासून आणि मुलांच्या शाळेपासून दूर नवी खोली शोधायची होती.

म्हणून 'असल्या खोल्या पाडून टाका' असे कोणी म्हणाले की मला ते पटत नाही. त्या मुलांना माणशी सातशे-आठशे रुपये भाडे पडते. यापेक्षा जास्त दिले तर घरी पाठवायला काय उरणार? जतहून, सीमेपलीकडच्या गावांतून किंवा बिहारमधून आलेल्या माणसाला आपल्या शहरात पहिले छप्पर मिळते ते कोणा मावशीने काढलेल्या खोलीतच. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली, २०२४ च्या नव्या शहरी आवास योजनेतही तिला स्थान आहे. चांगली गोष्ट आहे. पण आज रात्री झोपायचे कुठे, हा प्रश्न योजनेची वाट पाहत नाही. आहे तीच खोली राहण्यासारखी करणे हे पहिले काम आहे.

आणि सातारा जिल्ह्याने तरी या खोल्यांना नावे ठेवू नयेत. आपली निम्मी गावे एकेकाळी मुंबईत अशाच खोल्यांत राहिली आहेत. गिरणीत आणि पुढे माथाडीत गेलेल्या आपल्या माणसांच्या 'गावाच्या खोल्या' लालबाग-परळला होत्या. एका खोलीत एकाच गावचे पंचवीस-तीस गडी. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर पडायचा. भिंतीला ट्रंकांची उतरंड, जेवण खानावळवाल्या बाईकडे. माझे चुलते कोरेगाव तालुक्यातून गिरणीत गेले ते अशाच खोलीत राहिले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या थुंकीतून रक्त पडले. तेव्हा क्षयाचा उपचार दीड वर्ष चाले, इंजेक्शनेही रोज घ्यावी लागत. खोलीतल्या गाववाल्यांनी प्रेमानेच सांगितले, 'दादा, तू गावाकडं जा.' ते गावी आले. गावात इंजेक्शन देणारे कोणी नव्हते. महिन्याभरात औषध सुटले आणि दोन वर्षांत ते गेले. त्याआधी चुलतीला आजार देऊन गेले. चुलती वाचली, कारण तोवर नवी औषधे तालुक्याला मिळू लागली होती.

क्षयाचे आणि हवेचे नाते आपल्या भागाला नवे नाही. क्षयावर औषधच नव्हते त्या काळात मिरजेच्या डॉ. वानलेस यांनी गावाबाहेर मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. त्यावरूनच त्या जागेचे नाव वानलेसवाडी पडले. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांचे बेल-एअर होते. भरपूर हवा, ऊन, आहार आणि विश्रांती एवढाच उपचार. आज वानलेसवाडीला चारी बाजूंनी सांगली-मिरजेच्या वस्तीने वेढले आहे.

आता औषध आहे आणि ते खात्रीचे आहे. पण जंतूचा स्वभाव बदललेला नाही. क्षयाचा रोगी खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म तुषार हवेत जातात. बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात. समोरासमोर दोन उघडी भोके असतील, म्हणजे पुढे दार आणि मागे खिडकी, तर वारा ते बाहेर नेतो. उन्हात हे जंतू फार काळ टिकत नाहीत. नुसत्या पुढच्या खिडकीने काम होत नाही, कारण आत आलेल्या वाऱ्याला बाहेर जायला वाट लागते. दहा बाय दहाच्या खोलीला दोन्ही बाजूंची मिळून निदान दहा चौरस फूट उघडी जागा असावी. राष्ट्रीय इमारत संहितेने राहण्याच्या एकाच खोलीसाठी साडेनऊ चौरस मीटरची किमान मर्यादा सांगितली आहे, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट. आपली दहा बाय दहा त्या मर्यादेच्याही किंचित आतच आहे, आणि तिच्यात सहा जण.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. त्याच्या खोलीतल्यांनी घरमालकिणीला सांगितले असावे. दोन दिवसांनी त्या मावशी स्वतःच दवाखान्यात आल्या. बाई वाईट नव्हत्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, त्याला खोली खाली करायला सांगू का? माझ्या घरात नातवंडं आहेत."

मी रोग्याविषयी काही बोललो नाही, पण क्षयाविषयी बोललो. त्यांना सांगितले ते वाचकांनाही सांगतो. कोणालाही क्षय झाला आणि त्याला खोलीतून काढले, तर तो खोकला घेऊन दुसऱ्या खोलीत जातो. तिथे आजार लपवतो, कारण एकदा सांगून त्याने भोगलेले असते. पत्ता बदलतो, औषध सुटते, आणि अर्धवट सुटलेल्या औषधाने जंतू चिवट होतात. असा क्षय बरा करणे अवघड, आणि तो दुसऱ्याला झाला तर त्यालाही तोच चिवट जंतू मिळतो. याउलट योग्य औषध सुरू झाले की साधारण दोन-तीन आठवड्यांत रोग्यापासून पसरण्याचा धोका खूप कमी होतो. तेवढे दिवस तोंडाला मास्क, शक्य तर झोपायला उघडा व्हरांडा किंवा वेगळी जागा, आणि खिडकी उघडी. ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही. क्षय भांड्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो.

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "गच्चीवर पत्र्याची शेड आहे. तिन्ही बाजूंनी उघडी. तिथं झोपू दे त्याला, पाऊस आत येत नाही." एवढा साधा उपाय मला सुचला नव्हता.

या निमित्ताने काही माहिती. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात ही तपासणी आणि पुढची सर्व औषधे मोफत मिळतात. साधा क्षय सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो. रोग्याच्या पोषक आहारासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये बँक खात्यात देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम एक हजार झाली आहे. माझ्यासारख्या खासगी डॉक्टरवरही प्रत्येक क्षयरोग्याची नोंद कळवण्याचे बंधन २०१२ पासून आहे. नोंद झाली की काम बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलात तरी औषध तिकडे चालू राहते. एका खोलीत राहणाऱ्या सर्वांची तपासणी व्हायला हवी. रक्ताचे नाते नसले तरी एका छपराखाली झोपणारे ते एकच कुटुंब समजावे.

दुसऱ्या मुलाच्या खरजेचे थोडक्यात सांगतो. खोलीतल्या सहाही जणांनी एकाच रात्री, मानेपासून पायापर्यंत मलम लावले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या चादरी-कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकले, तरच खरूज जाते. एकट्याने लावले तर महिनाभराने पुन्हा माझ्याकडे येणार. पाळीवर झोपणाऱ्यांनी अंथरूण तरी आपापले ठेवावे.

डेंग्यूचे मूळ पाण्यात आहे, पण दोष पाण्याचा नाही, नळाचा आहे. ज्या वस्तीत पाणी एक दिवसाआड येते तिथे प्रत्येक दारासमोर निळे बॅरल दिसते. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, तो असल्या स्वच्छ साठवणीच्या पाण्यातच अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल रिकामे करायचे. नुसते उपडे करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेला भिंतीस चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. काथ्याने आतून घासायचे आणि वर कापड बांधायचे. भाड्याच्या खोल्यांत अडचण ही की सामाईक बॅरल कोणाचे? सहा खोल्या, बारा बॅरल, आणि घासायला कोणीच नाही. त्या मावशींनी आता बुधवार ठरवून दिला आहे.

सांडपाण्याचा प्रश्न आपल्या काळ्या जमिनीत जास्तच बिकट आहे. ही माती पाणी शोषत नाही. पावसाळ्यात फुगते, मग शोषखड्डा तुंबतो आणि सेप्टिक टँकचे पाणी अंगणात येते. सांगलीत शामरावनगरसारख्या सखल भागात पाऊस थांबला तरी पाणी कित्येक दिवस हटत नाही. त्याच पाण्यातून नळाची जोडणी गेलेली असते. पाइपला चीर असेल आणि नळाला पाणी नसेल, तर पाइप बाहेरचे घाण पाणी ओढून घेतो. मग काविळीचे रुग्ण येऊ लागतात. अशा भागात पिण्याचे पाणी उकळून घ्या किंवा मेडिक्लोर घालून अर्धा तास ठेवा. कमी भाड्याची खोली अनेकदा पूररेषेतच असते, हेही ध्यानात ठेवावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. जाऊन आलेल्या पुराची खूण भिंतीवर असते. खोली घेण्याआधी ती शोधावी, घरमालक आपणहून दाखवत नाही.

स्त्रियांविषयी वेगळे लिहायला हवे, कारण त्या स्वतः बोलत नाहीत. पाच-सहा खोल्यांत मिळून एक संडास, दाराची कडी मोडलेली, आणि समोर पुरुषांची रांग. अशा ठिकाणी राहणाऱ्या बायका दिवसभर पाणी कमी पितात आणि लघवी दाबून ठेवतात. लघवीच्या जळजळीची, ताप-थंडीची तक्रार घेऊन त्या माझ्याकडे वारंवार येतात. मी गोळ्या लिहून देतो, भरपूर पाणी प्या म्हणतो. एकदा एक बाई सरळ म्हणाली, "पिईन हो डॉक्टर, पण जाऊ कुठं?" मला उत्तर देता आले नाही. एक नवी कडी, एक दिवा आणि बायकांसाठी वेगळा संडास, याचा खर्च दोन-चार वर्षांच्या औषधांपेक्षा फार नसावा.

नव्या खोल्यांना आता आतच न्हाणी आणि संडास काढतात. ते चांगले, पण दोन गोष्टी पाहाव्यात. गॅस गिझर बंद न्हाणीत लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध होतो आणि बाहेरच्यांना कळतही नाही. हिवाळ्यात दार लावून शेगडीपाशी झोपणाऱ्यांचेही तेच होते. दुसरी गोष्ट नहाणी ट्रॅपची. जाळीखाली वाकड्या पाइपमध्ये थोडे पाणी साठून राहते, ते गटारातली हवा वर येऊ देत नाही. खोली महिनाभर बंद राहिली की ते पाणी आटते. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सच्या साथीत तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात असे आटलेले ट्रॅप आणि न्हाणीतले पंखे यांचा त्यात हात असल्याचे दिसले. बंद खोली उघडली की आधी जाळीत तांब्याभर पाणी ओतावे.

कायद्याचेही दोन शब्द. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला. त्याप्रमाणे भाड्याची पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि भाडेकरूला हुसकावण्यासाठी पाणी किंवा वीज तोडता येत नाही. पाळीवर झोपणाऱ्या मुलांकडे यातले काहीही नसते. पावती नाही म्हणजे पत्त्याचा पुरावा नाही, आणि मग बँक खाते, गॅस, सगळेच अडते.

हे सारे लिहून झाल्यावर मी आमच्या घरामागे गेलो. तिथे वडिलांनी काढलेल्या दोन खोल्या आहेत. एकीत एस.टी.तले वाहक राहतात, दुसरीत दोन विद्यार्थी. दोन्ही खोल्यांना मागची खिडकी नाही. इतक्या वर्षांत कधी ध्यानातच आले नव्हते. मागे शेजाऱ्याची भिंत आहे, पण वर, छपराखाली, दीड फुटाचा झरोका निघेल असे गवंडी म्हणाला. जाळीसह दोन झरोक्यांचा जो खर्च त्याने सांगितला तो एका खोलीच्या महिन्याच्या भाड्याहून कमी आहे. तो रविवारी यायचा आहे.

त्या मुलाचे औषध चौथ्या महिन्यात आहे. वजन पाच किलोंनी वाढले आहे आणि दुसऱ्या तपासणीत बेडक्यात जंतू दिसले नाहीत. खोलीतले बाकीचे पाच जण तपासले, त्यांतल्या एकाला औषध सुरू करावे लागले. मावशींनी दाराशेजारच्या खिडकीला बारीक जाळी ठोकून घेतली आहे. मोबाईल आता त्या जाळीतून जात नाही, म्हणून खिडकी रात्री उघडी असते.